काचेतलं तोंड

चिंचवड
नागपंचमीचा दुसरा दिवस, सन १९५७

इंद्रायणीस,

आशीर्वाद शेवटी लिहीन, आधी काम.

आप्पांचा दोन डोळ्यांचा कॅमेरा तुला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. वरचं झाकण उघडून खाली काचेत बघितलं की समोरचा माणूस दिसतो. तो मला काचेच्या उजव्या कडेला दिसला, म्हणून मी कॅमेरा उजवीकडे वळवला, तर तो आणखीच कडेला गेला. अजून वळवला तर बाहेरच गेला. माणूस खुर्चीत ढिम्म बसलेला आणि काचेत पळतोय. हे कशाने होतं आणि त्यावर इलाज काय, तेवढं लिही. मला उगाच विचारायचं आहे. दुकान झाडताना हात लागला म्हणून बघितलं.

पाकिटात लिही. कार्ड पाठवलंस तर पोस्टमन लक्ष्मणराव दारात उभा राहून सगळ्या आळीला वाचून दाखवतो. पत्ता दुकानाचाच घाल. आप्पा हल्ली टपाल उघडत नाहीत, माझ्या हातात देतात.

तू देवळालीला गेलीस तेव्हापासून दोन वर्षांत मी पत्र लिहिलं नाही म्हणून रागावली असशील. तूही लिहिलं नाहीस. पिंपरीच्या निर्वासित वसाहतीतला हासानंद कसल्याशा दाखल्याच्या फोटोला आला आणि मग त्याला दर आठवड्याला फोटो लागायला लागला, तेव्हाच मी समजले होते. पण तुम्ही पुण्याला जाऊन लग्नाच्या सह्या करून याल आणि दुकानाच्या पायरीवर जोडीने उभे राहाल असं वाटलं नव्हतं. आप्पांनी चार माणसांत मोरयाची आण घेतली, पुन्हा हिचं तोंड बघणार नाही. ते बोलले ते त्यांचं. मी कसली आण घेतली नाही. माझं दूध उतू जात होतं म्हणून मी आत गेले. परत आले तोवर पायरी रिकामी. तू त्याचा काय अर्थ लावलास तो तुझ्यापाशी.

आप्पा बरे आहेत. जास्त विचारू नकोस.

माझं शुद्ध-अशुद्ध बघू नकोस, दुसरीच्या पुढे मला कुणी पाठवलं नाही.

आशीर्वाद.
आई


चिंचवड
बैलपोळा

इंद्रायणीस,

एक विचारलं की तू दहा विचारतेस. आप्पा बरे आहेत हे मी एकदा लिहिलं आहे.

आत तिरपा आरसा बसवलेला असतो म्हणून डाव्याचं उजवं होतं, आणि माणूस काचेत जिकडे जाईल त्याच्या उलट कॅमेरा वळवायचा, हे कळलं. दुपारी पाट्या-वरवंट्यावर कॅमेरा लावून सराव केला. पाटा पळत नाही त्यामुळे बरं पडलं. मग शेजारची कोंबडी धरली. आता हात वळतो.

दुसरं विचारायचं आहे. परवा कोंडाजी पैलवान आखाड्यातून तसाच आला, उघड्या अंगाने, तांबडी माती लागलेली. त्याचा फोटो झाला आणि पाठोपाठ थेरगावच्या रुक्मिणीबाई आल्या, नथ, बुगड्या, सगळं घालून. रोल धुतला तर दोघं एकाच चौकोनात. कोंडाजीच्या छातीवर रुक्मिणीबाईंचं तोंड, नथीसकट.

बाई फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "शालनबाई, ह्यो माज्या खांद्यावर हात कुणाचा?"

मी म्हटलं, "पैलवानाचा."

"हात बरा हाय. पर घरी काय सांगू?"

कोंडाजी म्हणाला, "मला द्या त्यो. आखाड्यात लावतो. दोन तोंडांचा गडी बघून समोरचा कुस्ती न खेळताच जाईल."

एक फोटो झाला की रोल लगेच गुंडाळून पुढे न्यायचा असतो, ते राहिलं. आप्पांच्या हातून असं होत नाही. त्या दिवशी त्यांचं अंग मोडून आलं होतं, आत पडले होते. आणि झालं असतं तरी त्यांनी कधी स्वतःकडे घेतलं नसतं. फोटो बिघडला की त्यांचं एकच ठरलेलं, "हललात तुमी, परत यावं लागंल." मला ते जमत नाही. मी दोघांचेही पुन्हा काढून दिले.

तर रोल पुढे न्यायचा राहू नये म्हणून तू काय करत होतीस ते लिही. आणि जवळून काढला की माणसाचं डोकं वरून कापलं जातं. काचेत तर पुरतं दिसतं. हे काय आहे?

रोल धुण्याचं काम मात्र अजून आप्पाच करतात. अंधाऱ्या खोलीत त्यांच्यासारखा हात कुणाचा नाही. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून वण झाकायचं तुझं काम बंद पडलंय. देवीचे वण आता फोटोत जसेच्या तसे येतात, आणि माणसं आपल्याला म्हणतात, पूर्वी तुमचे फोटो बरे यायचे.

पिंपरीच्या बाजारात रंगरावाने नवा स्टुडिओ काढलाय. त्याच्याकडे मुठीत मावेल असा कॅमेरा आहे, एका रोलात छत्तीस फोटो. आमच्या रोलात बारा. नव्या औषधाच्या कारखान्यात भरती चालू आहे, पासाला फोटो लागतो, बाप्ये सगळे त्याच्याकडे पळतात. त्याचं निगेटिव्ह नखाएवढं. त्यावर पेन्सिल काय ठेवणार, आणि मोठं करायचं यंत्र नसेल तर त्याचा फोटो तिकिटाएवढा. आमचं निगेटिव्ह कागदावर ठेवलं, चौकटीत दाबलं, दिव्याखाली धरलं की झाला फोटो. पण लोकांना कोण सांगणार. बायका तेवढ्या अजून आपल्याकडे येतात. रंगराव एक डोळा मिटून नेम धरल्यासारखा तोंडावर कॅमेरा रोखतो, ते त्यांना आवडत नाही.

आशीर्वाद.
आई


चिंचवड
गौरी गेल्या त्या दिवशी

इंद्रायणी,

वरच्या डोळ्याने बघायचं आणि खालच्याने फोटो काढायचा, म्हणून जवळचा माणूस असेल तर कॅमेरा बोटभर वर उचलायचा. कळलं. फोटो झाल्या झाल्या कॅमेऱ्यावरचा हात काढायचाच नाही, आधी रोल पुढे. तेही कळलं.

आणि त्याखाली तू एकच ओळ लिहिलीस. "आई, आप्पांना दिसत नाही का?"

ते पत्र पदराला बांधून मी चार घरी हळदीकुंकवाला जाऊन आले. आता गौरी गेल्या, घर गप्प आहे, तर लिहिते.

दिसतं, पण थोडं. पुण्याच्या डॉक्टरने काचबिंदू सांगितला. नजर कडेकडेने मरत आत येते. आप्पा म्हणतात, नळीतून बघितल्यासारखं आहे. मी शेजारी उभी असले तर त्यांना दिसत नाही, समोरच्या भिंतीवरचा खिळा दिसतो. उंबऱ्याला ठेचकाळतात आणि उंबऱ्यालाच शिव्या देतात. डॉक्टरने डोळ्यांत घालायचं औषध दिलंय. म्हणाला, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही. मी म्हटलं, मग तुम्ही सांगता तरी काय? आप्पांनी माझा हात दाबला म्हणून गप्प बसले.

हे मला माहीत आणि आता तुला. गावात कळलं तर उरलेलं गिऱ्हाईकही रंगरावाच्या दारात जाईल.

एका जागी मात्र त्यांना अजून सगळं दिसतं, त्या कॅमेऱ्याच्या काचेत. ती काच तळहाताच्या खळग्याएवढी, चारी बाजूंनी झाकणाच्या भिंती, वरून भिंग. बाहेरचं जग आता त्यांच्या नजरेत मावत नाही, काचेतलं बरोबर मावतं. पागोट्यापासून वहाणेपर्यंत सगळा माणूस तेवढ्यात येतो आणि बाहेर काही उरत नाही. कॅमेरा मी तिपाईवर लावते, गिऱ्हाईक मी बसवते, मग ते येऊन मान खाली घालतात. वर म्हणतात, पदराची मिरी सुटलीय बघ. मला चांगल्या डोळ्यांनी दिसलेली नसते. ज्या दिवशी डोळे दुखतात त्या दिवशी तेही मीच. अंधाऱ्या खोलीत तर तुझ्या माझ्यासारख्यांचे डोळेही कामाचे नाहीत, तिथे त्यांचंच राज्य.

पोरगी झाली हे तू सही झाल्यावर खाली लिहिलंस, मीठ संपल्यासारखं. आठ महिन्यांची झाली म्हणे. कुसुम नाव ठेवलंत ते बरं, दोन्ही घरांना म्हणता येतं. मी ती ओळ आप्पांना वाचून दाखवली नाही. मलाच अजून पुरती वाचून झालेली नाही.

तू उद्याच्या उद्या यायचं म्हणतेस. येऊ नकोस. तुझा आवाज आला की ते उठून आत जातील, आणि जाताना पडतील. त्यांनी आण घेतलीय आणि ते ती पाळतात. तंबाखू सोडतो म्हणाले होते तुझ्या जन्माच्या वेळी, तेव्हापासून चिमूट लावली नाही. पण त्यांनी तुला बघितलं पाहिजे, डोळे आहेत तोवर. एकदा डोळे गेले की आण पाळली काय नि मोडली काय, सारखंच. ते मी होऊ देणार नाही. कसं, ते अजून मला ठाऊक नाही.

आशीर्वाद. लेकराला तीट लावत जा.
आई


चिंचवड
पितृपंधरवडा

इंद्रायणी,

या पंधरवड्यात नवं गिऱ्हाईक नाही. लोक येतात ते मेलेल्यांचे फोटो मागायला. म्हणतात, आमच्या बापाचा तुमच्याकडे असंल. असतो कधी कधी. आप्पांच्या काचेच्या पाट्या, म्हणजे तेव्हाची निगेटिव्ह, मी पेटाऱ्यातून काढून उन्हात धरते, नि माणूस सापडला की त्याचा मुलगा पायातल्या वहाणा काढतो.

पाट्या काढल्या म्हणून मारुतराव बसायला आले. तू लहान असताना आप्पांचा लाकडी कॅमेरा बैलगाडीत घालून चाकणच्या बाजाराला न्यायचे, ते. दोघं जुनं काढून बसले. तो लाकडी पेटारा, काळं फडकं, काचेची पाटी, आणि गाडी खड्ड्यात गेली की दिवसभराची कमाई फुटायची. फडक्यात डोकं घालून बाप्या आत काय करतो म्हणून खेडच्या बायकांनी एकदा दगड मारले होते. मग भात्याचा कॅमेरा आला, मिटून पिशवीत बसायचा. मग डबा कॅमेरा, त्याला काही कळायचं नाही, समोर धरायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. आणि इंग्रज गेले त्या साली देहूरोडच्या छावणीतला एक गोरा सोल्जर मायदेशी जाताना हा दोन डोळ्यांचा विकून गेला. मारुतराव म्हणाले, "त्यो घेतला आन् तू शहाणा झालास." आप्पा हसले. मला वाटलं, आता बोलावं. पण मारुतरावच बोलून गेले.

"दौलू, लेकीला बोलीव आता."

"आण घेतलीय."

"घेतली तर घेतली. नारळ फोडू, अभिषेक घालू. मोरया सोडवंल."

"मोरया नारळाला भुलंल. मी न्हाई."

"मंग मेल्यावर बघणार व्हय तिचं तोंड?"

"मेल्यावर मी कसा बघीन? तीच बघंल माजं."

मी चहा आपटून ठेवला. म्हटलं, "तिला पोरगी झालीय. कुसुम नाव हाय."

मारुतरावांनी विचारलं, "कुणासारखी हाय?"

"मला काय ठावं? मी काय बघितलीय?"

आप्पांनी बशी चाचपली, चहा प्याले, उठले. खांबाला धरून आत गेले. मारुतराव खांबाला धरलेल्या हाताकडे बघत होते. त्यांच्या लक्षात आलं असं मला वाटतं. ते कुणाला सांगणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरता भरता आप्पा थांबले. म्हणाले, "जावळ काढलं का त्या लेकराचं?"

मी म्हटलं, "माहीत न्हाई."

"काढायच्या आधी फोटो काढावा लागतो," म्हणाले, आणि तोंड पुसून दुकानात गेले.

आपल्याकडे जावळाआधीचा फोटो कुणी चुकवत नाही, तुला सांगायला नको. पण त्यांनी ते कुणाला सांगितलं? मला सांगून काय उपयोग, माझं जावळ निघून चाळीस वर्षं झाली.

कुसुमच्या केसांना हात लावू नका. मी लिहीपर्यंत कात्री दूर ठेवा.

आई


चिंचवड
दसऱ्याचा दुसरा दिवस

इंद्रायणी,

येत्या कोजागिरीनंतर जो सोमवार येईल त्या दिवशी ये. कल्याणला गाडी बदल, चिंचवड स्टेशनावरून टांगा कर, लेकराला घेऊन उन्हातून चालत येऊ नकोस. कसं ठरलं ते लिहिते, म्हणजे इथे आल्यावर चुकायची नाहीस.

खंडेनवमीला आप्पांनी कॅमेऱ्याची पूजा केली. दरवर्षी करतात तशीच, झेंडूची माळ, वरच्या डोळ्याला लागणार नाही असं जपून कुंकू. बोटाने चाचपून लावलं. मी मदत करायला गेले तर हात झटकला.

दसऱ्याला सकाळी सांगवीचे उद्धवराव नव्या सुनेला घेऊन आले. सोबत सासू. सुनेचा पदर नाकापर्यंत. उद्धवरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "दौलतराव, फोटो झकास पायजे. पर आमच्या सुनंच्या तोंडाकडं परक्या बाप्यानं बघायचं न्हाई. आमच्यात चालत न्हाई."

आप्पा म्हणाले, "मी कुठं बघतो? माजी मान खाली असती. मी काचंत बघतो. काचंतलं तोंड म्हंजी तोंड न्हवं, उद्धवराव. ती नुसती सावली, ती पन उलटी."

हे ते दहा वर्षं सांगत आलेत. तू शंभरदा ऐकलंयस, मीही ऐकलंय. काळ्या फडक्याला ज्यांनी दगड मारले त्याच घरच्या बायका या कॅमेऱ्यापुढे पदर मागे सारून बसल्या, ते याच्यामुळे. मान खाली घालून उभा असलेला पुरुष त्यांनी दुसरा कुठे बघितला असणार. सासूने वाकून काचेत बघितलं, म्हणाली, "खरंच की, सावलीच हाय," आणि सुनेचा पदर स्वतः वर केला.

मी पडद्यामागे कागद कापत होते. कात्री तिथेच थांबली.

गिऱ्हाईक गेल्यावर लगेच बोलले नाही. जेवायला बसल्यावर बोलले. तू म्हणशील, गुपचूप बोलवायचं, सांगायचं कशाला. ज्याला दिसत नाही त्याला फसवायला अक्कल लागत नाही, आणि मी त्यांना फसवणार नाही.

मी म्हटलं, "कोजागिरीनंतरच्या सोमवारी एक बाई येणार हाय. लेकराचं जावळ काढायचंय, त्याच्या आधी फोटो. लेकरू लहान हाय, आईच्या मांडीवरच बसंल."

"कुठली बाई?"

"देवळालीची."

भाकरी मोडता मोडता हात थांबला.

मी म्हटलं, "तुमी तिच्या तोंडाकडं बघायचंच न्हाई. काचंत बघायचं. काचंतलं तोंड म्हंजी तोंड न्हवं. सकाळी तुमीच उद्धवरावांना सांगितलं. का ते गिऱ्हाइकाला सांगायचं खोटं हाय?"

मी आमटी वाढली. त्यांनी ती खाल्ली. पुन्हा वाढली, तीही खाल्ली. ताटात हात धुतला, पंच्याने पुसला, एकेक बोट. मला वाटलं आता उठून जातील.

म्हणाले, "रोल हाय का?"

"हाय."

"नवा घाल. अर्धा झालेला नको."

तर ऐक. दुकानात आलीस की आप्पा म्हणायचं नाही. गिऱ्हाईक जसं येतं तसं यायचं. मी खुर्ची दाखवीन, तिथे बसायचं. पाया पडायला जाऊ नकोस, वाकून वर उठलीस की तुझं तोंड सरळ त्यांच्या समोर येईल आणि सगळं मोडेल. ते काचेतून डोकं वर काढतील तेव्हा तू मान दुसरीकडे कर. रडू नकोस. लेकराच्या डोळ्यांत काजळ घाल, पण फासू नकोस. तुझ्या लुगड्याचा रंग उजळ असू दे, त्यांना बरं पडेल.

हासानंदांना आणायचं की नाही ते तू ठरव. त्यांच्या तोंडाची आण कुणी घेतलेली नाही.

आई


चिंचवड
वसुबारस

इंद्रायणी,

तू गेलीस त्या दिवसापासून लिहायचं म्हणते, पण दिवाळीचं गिऱ्हाईक आहे. कारखान्यातल्या बाटल्या भरणाऱ्या बायका पासाच्या फोटोला घोळक्याने आल्या होत्या. रंगराव त्यांच्याकडे डोळा मिटून बघतो म्हणून.

तू समोर खुर्चीत होतीस. तुला त्यांचं वाकलेलं डोकं दिसलं असेल, टक्कल आणि शेंडी, दुसरं काही नाही. मी बाजूला होते. मला दिसलं ते तुला सांगितलं पाहिजे.

तू आत आलीस तेव्हा ते आधीच मान खाली घालून उभे होते. काचेत तेव्हा रिकामी खुर्ची होती. टांगा थांबल्याचा आवाज आल्यापासून ते तसेच होते. तू बसलीस, काचेत आलीस, आणि त्यांनी फोकसचं चाक फिरवलं. तू धूसर होतीस ती स्पष्ट झालीस. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते, मला आता कळतं. तिथे फोटो काढायचा. त्यांनी काढला नाही. चाक पुढे नेलं, तू पुन्हा धूसर झालीस. मग मागे आणलं, पुन्हा स्पष्ट. परत पुढे नेलं. असं किती वेळ चाललं. लेकराने तुझं मंगळसूत्र तोंडात घातलं, काढलं, परत घातलं. मी काही बोलले नाही. मला घाई असते हे तुला माहीत आहे, पण नाही बोलले.

मग ते म्हणाले, "बाई, हनुवटी जरा खाली." दोन वर्षांनी तुझ्याशी बोलले ते हे. तू खाली केलीस.

नंतर म्हणाले, "मान थोडी माज्या उजवीकडं." आणि तू त्यांच्या डावीकडे वळवलीस. त्यांना डावीकडेच हवी होती. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाला सांगताना काचेचं उलटं त्यांनी मनात सुलटं करून घेतलं नाही असं कधी झालं नाही. त्या दिवशी ते काचेतूनच बोलत होते. तू कसं ओळखलंस ते मी विचारत नाही. तिरप्या आरशाचं उत्तर तूच दिलं होतंस.

कारखान्याच्या साहेबाने दुसरा फोटो मागितला तर त्याच्यावरही ओरडणारा माणूस, त्यांनी एका बाईवर बाराच्या बारा घातले. शेवटचा झाल्यावर रोल पुढे नेला, तो सुटला, आणि त्यांनी तरी डोकं वर काढलं नाही. झाकणाच्या आत अंगठा घालून काच पुसली. मला म्हणाले, घाम पडला. ऑक्टोबरची दुपार होती, पडला असेल.

हासानंद पायरीखाली उन्हात उभे होते. तू निघताना लेकराला त्यांच्याकडे दिलंस तेव्हा आप्पा मला म्हणाले, "बाहेर कोन खोकतंय? पानी दे त्याला." मी दिलं. ते तुला त्यांनी सांगितलं असेल.

रोल त्याच दिवशी धुतला. आप्पा अंधाऱ्या खोलीत गेले आणि आतून कडी लावली. नेहमी लावत नाहीत. निगेटिव्ह दोरीवर वाळत टाकली आणि बाहेर येऊन झोपले. मी फोटो छापले. त्यांच्यापुढे ठेवले नाहीत. छापलेला फोटो म्हणजे तोंड की सावली, हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही, आणि मी विचारणार नाही.

ती बाई कोण, कशी होती, त्यांनी विचारलं नाही. इतके दिवस तिचं नाव नाही. आज सकाळी मी अभ्यंगाचं तेल काढत होते तर आप्पा मागून म्हणाले,

"त्या जावळाच्या फोटोत लेकरू हललंय."

मी म्हटलं, "कोंच्या?"

"समद्या. परत बोलवावं लागंल त्या बाईला. काम अर्धं ठेवता येत न्हाई."

"जावळ काढायचं थांबलेत ते लोक."

"मंग थांबू दे अजून. केस काय कुठं जात न्हाईत."

मी सगळी निगेटिव्ह खिडकीत धरून एकेक बघितली. तुझं तोंड त्यात काळं आणि केस पांढरे आहेत, म्हातारी झाल्यावर दिसशील तशी. लेकरू कशातही हललेलं नाही. एकात त्याने जांभई दिली आहे, तीसुद्धा अशी स्पष्ट आली आहे की पहिला दात मोजता येतो.

पुढच्या सोमवारी ये. तो नाही जमला तर त्याच्या पुढच्या. किती सोमवार मिळतील ते डॉक्टरलाही माहीत नाही, त्यामुळे तू विचारू नकोस.

नवा रोल घालून ठेवला आहे.

आई